सगळ्या स्टँडला ऐकू गेलं

प्रिय हॉर्नबहाद्दर,

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशीलच. पण फोनवर आपलं काय होतं ते तुलाही ठाऊक आहे. तू विचारतोस जेवलीस का, मी विचारते जेवलास का, तेवढ्यात तुझ्या गाडीची वेळ होते. दोन पोटांची चौकशी झाली की संपला संसार! म्हणून आज जेवणाच्या सुट्टीत घोषणेच्या खोलीत बसून लिहिते आहे. खोली म्हणजे काय, काचेची खिडकी, टेबल, माईक आणि एक गुबगुबीत खुर्ची. ती खुर्ची मी भांडून मिळवली आहे, तेव्हा तिच्याबद्दल वावगा शब्द काढायचा नाही.

भांडणाची गोष्ट तुला अर्धीच सांगितली होती. डॉक्टरीणबाईंनी आता बस चालवायची नाही असं लिहून दिलं. माझ्याही लक्षात आलंच होतं. पोट स्टिअरिंगला टेकायला लागलं होतं, आणि खड्डा आला की आधी ब्रेक दाबू की पोट धरू, अशी तारांबळ. चिठ्ठी घेऊन मॅनेजरसाहेबांकडे गेले, तर म्हणाले, घरी बसा, बिनपगारी. मी म्हटलं, साहेब, नियम हलकं काम द्यायचा आहे, घरी बसवायचा नाही, आणि पगारही तोच. तर म्हणतात कसे, हलकं काम कुठून आणू, स्टिअरिंग हलकं करून देऊ का? अस्सा राग आला! म्हटलं, घोषणावाले काका निवृत्त झाल्यापासून तुम्हीच खोकत खोकत गाड्या पुकारताय, तो माईक द्या की मला. वर्कशॉपचे मिस्त्रीकाका दारात उभे होते, ते फिसकन हसले. साहेबांनी बरेच आढेवेढे घेतले. मीही रोज सकाळी त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहायचे, पोट पुढे करून. शेवटी मिळाला माईक.

काम चांगलं आहे, खोटं कशाला बोलू. पण रस्ता सुटला रे. अजूनही गाडी फलाटाला लागताना माझा उजवा पाय टेबलाखाली जमीन दाबतो. आणि सात नंबरची गाडी पुकारताना तर नजर आपोआप पुलाच्या रस्त्याकडे जाते. तुझी बदली व्हायच्या आधी सात नंबर तू इकडून न्यायचास आणि मी तिकडून आणायचे. पुलाच्या अलीकडे समोरासमोर यायचो. बाकीचे ड्रायव्हर एकमेकांना नुसता हात करतात, तू मात्र हॉर्नचा असा धुमधडाका लावायचास की माझे प्रवासी दचकून जागे व्हायचे. एकदा मागून एक आजी ओरडल्या, कोण हा मेला? मी म्हटलं, माझाच आहे. भेट ती केवढीशी, पण तिच्यावर माझा अख्खा दिवस निघायचा. आता त्या गाडीवर एक शांत, सज्जन गृहस्थ आहेत. हॉर्नला बोट लावत नाहीत. बिचाऱ्यांचा काही दोष नाही, तरी मला त्यांचा राग येतो.

बाळंतपणाला आई येते आहे, तुझी बहीणही येईन म्हणाली. माणसांना तोटा नाही. पण मला तेव्हा शेजारी तू हवा आहेस, आणि हे मी तुला आजवर म्हटलेलं नाही. बापालाही तेव्हा भरपगारी रजा मिळते, आपल्याच कंपनीच्या नियमात आहे. फक्त एकाही ड्रायव्हरने ती कधी मागितली नाही. गाड्या धुणाऱ्या त्या उंच माणसाने नुसती चौकशी केली, तर सगळा डेपो त्याला कितीतरी दिवस बाळंतीण म्हणून हाक मारत होता. त्यात तूही होतास. मग कोणत्या तोंडाने सांगायचं तुला?

काल दुपारी सात नंबर पुकारली आणि पोटात अशी लाथ बसली की मी माईक बंद करायचा विसरले. बाळाशी बोलत सुटले. म्हटलं, बाळा, दम धर जरा, तुझ्या बापाने अजून रजा मागितलेली नाही. तो येतोय कसला, त्याला लोकांच्या हसण्याची भीती! आणि तुझी आई एवढी शूर, खुर्चीसाठी साहेबांशी भांडली, पण नवऱ्याला ‘ये’ म्हणायला हिची जीभ रेटत नाही. वर थोडी रडलेसुद्धा. डोळे पुसून बघते तर खिडकीबाहेर अख्खा स्टँड माझ्याकडे तोंड करून उभा. प्रवासी, कंडक्टर, हातात पाना धरलेले मिस्त्रीकाका. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. पण खरं सांगते, कुणी हसलं नाही. एकसुद्धा माणूस हसला नाही. थोड्या वेळाने मॅनेजरसाहेब आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, त्याला म्हणावं, अर्ज वेळेत दे. ड्रायव्हरांची तोंडं गाड्यांपेक्षा जोरात धावतात, आज-उद्या हे तुझ्या डेपोतही पोचेल. सगळ्या स्टँडला कळलं आणि ज्याला कळायला हवं तो तेवढा राहिला, म्हणून हे पत्र. मला तू हवा आहेस. रजा माग, आणि ये.

तुझीच,
आता उघडपणे वाट बघणारी