घरपट्टीच्या वहीत भागरता

१२ एप्रिल ८२, सोमवार
तिसरी चक्कर. माणसाले काय समजते हा बाबू? पवनीवरून पहिली एस.टी. धरून माहेरच्या गावी जा, पंचायतीच्या पायरीवर उन्हात बसा, अन हा म्हणते, "सीताराम नाही, डोमा नाही. ते घर रजिस्टरात नाहीच बाई." नाही कसं? सीताराम म्हणजे माहा बाबा, त्यानंच बांधलं, माय तिथंच गेली, सहा वर्सांपासून कुलूप आहे. घरपट्टी काय भूत भरून राहिलं? म्हणते, "उद्या या."
मले उद्या नाही. दिरानं सांगतलं, मे सरला का खोली खाली पाहिजे, पोराचं लगीन आहे. माहे मालक वारून आठ वर्स झाले, पोरबाळ नाही, जाऊ कोठं? बाबाच्या घरात राहू का म्हणून भाऊ डोमादादाले भंडाऱ्याले दोन पत्रं टाकले. जबाब नाही. म्हणून म्हटलं, आधी घर कोणाच्या नावानं आहे ते तर पाहू.

१६ एप्रिल, शुक्रवार
आज पंचायतीत सोनबा भेटला. म्हातारा कोतवाल. डोळे गेले, जीभ तशीच. "नाव काय धुंडता बाबू, पायानं चाला. रजिस्टर मी घरोघर चालून लिवून देल्लं. मारुतीपासून सुरू होते, विहिरीपाशी सरते."
मग मी घरं बोलत गेली. मारुती, तेल्याचं, दोन्ही मेश्राम, शिंप्याचं. बाबूचं बोट उतरत गेलं. शिंप्याच्या खाली थांबलं.
"भागरता सीताराम. ही कोण?"
म्हटलं, मीच.
"तुमी तं कमलाबाई सांगतलं."
ते सासरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळावर लिहिलं अन भागरता तिथंच सरली. तीस वर्सांत सासरी कोणी त्या नावानं हाक मारली नाही. बाबानं घर माह्या नावानं केलं अन मलेच ठाऊक नाही. घरात कोणी बोललं नाही.
पण पुढं लाल शाई. मयत. वारस भाऊ.
बाबू म्हणते, "बाई, तुमाले मरून तं चार वर्स झाले."
सोनबा म्हणे, "तरीच एस.टी.त खिडकी भेटते हिले, भुताजवळ कोण बसते."
मी हसली नाही.

१७ एप्रिल
बाबूनं काल मी मेल्याचा अर्ज पण दाखवला होता. दादाच्या हातचा. भ ची गाठ उलटी. पाटीवर मले भ त्यानंच शिकवला, तसाच उलटा. मास्तरनं छड्या मारल्या तरी माहा भ अजून तसाच. शाळा दुसरी पावेतो, बाकी येते ते सारं त्याच्यापासून. त्याच हातानं
भाकर झाकून ठेवली.

२२ एप्रिल, गुरुवार
पुन्हा पंचायत. सोनबा म्हणे, "हिच्या लग्नात मी पाणी वाढलं. भागरता हीच, आवाज वळखतो. आन घेतो." बाबू ऐकत नाही. "ज्यानं मेली लिहून दिलं त्यानंच जिती लिहून द्यावं."
मी समोर उभी, घाम गाळून राहिली. ते नाही चालत. कागद पाहिजे.

२७ एप्रिल, मंगळवार
भंडारा. वहिनीनं चहा दिला. दादा तोंडापुढं पेपर धरून. म्हटलं, दादा, मी केव्हा मेली?
"तसं नाही ना भागे. सासरी गेलेल्या लेकीचं बंद घर, बेवारस धरलं असतं. तुह्या भल्यासाठीच..."
मंग मले काहून नाही सांगतलं?
त्यानं पेपराचं पान उलटलं. वहिनीच बोलली, "जागा व्यापाऱ्याले बोलून ठेवली बाई. धानाचं गोदाम होते तिथं. आता कायले उकरता?"
दादा भागे म्हणते. मेलेलीले हाक मारते.
जिना उतरताना चपलेचा अंगठा तुटला. पिन लावून स्टँडवर आली.

२ मे, रविवार
घर पाहून आली. चौकटीवर सोनबाच्या हातचा डांबराचा नंबर अजून आहे. कुलूप दादाचं, म्हणून मागून गेली. मागची भिंत अर्धी बसली, छपराचे कवेलू खाली. एका खोलीवरचे मात्र साबूत. एका जीवाले पुरते.
आंगणात चुन्याच्या रेघा. गोदामाची मापं. एक रेघ सरळ माईच्या चुलीवरून. पायानं पुसली. बाकीच्या राहू देल्ल्या, बाबूले दाखवाले.

५ मे, बुधवार
दिरानं नवरदेवाचा पलंग आणून माह्या खोलीत उभा करून ठेवला.
दादाले रजिस्टर पत्र टाकलं. सही कमला नाही केली, भागरता केली. इथं उतरवून ठेवते, मागून भेटलंच नाही म्हणेल.

"दादा, सोमवारी १० तारखेले अकरा वाजता पंचायतीत ये. पेपर आणू नको. बाबूसमोर, सोनबासमोर माह्या तोंडाकडे पाहून सांग, ही भागरता होय का नव्हे. होय म्हणशीन तर लिहून दे, अन कुलपाची किल्ली दे. नव्हे म्हणशीन तर तेही लिहून दे, अन माही तेरवी कोणत्या दिवशी केली, कोण कोण जेवलं, ते पण लिही. मी पहिल्या गाडीनं येऊन पायरीवर बसते. सोमवारी जबाब पाहिजे. मंगळवार नाही."