पाच जणींचा एकच दोष

चि. सौ. धाकटीस,

थोरलीचे भरपूर आशीर्वाद. तुझा खोकला गेला असेलच; गेला नसेल तर तू औषध घेत नसशील, मग मला कळवूही नकोस. इकडे सगळं ठीक, म्हणजे सून माझ्याशी बोलते आहे आणि मुलगा कुणाशीच बोलत नाही. माझी शाळा पाटीवरच संपली, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस, मजकूर बघ.

तर मुद्दा नातीच्या नोकरीचा. रंगाच्या कारखान्यात गोदाम सांभाळायची जागा निघाली. पोरगी हुशार (आपल्या घराण्यावर गेली, सुनेला सांगू नकोस), पण समोर साहेब बसले की जिभेला कुलूप. याआधी दोन ठिकाणी नुसतं पाणी पिऊन परत आली. हीही जागा हातची गेली तर घरात बसून आईची बोलणी किती खायची? म्हणून तयारी मी हातात घेतली. इस्त्रीच्या टेबलामागे साहेब होऊन बसले, मुलाचा चष्मा लावला (काही दिसत नव्हतं, पण साहेबांना तरी कुठे दिसतं?) आणि रोज जेवणं झाली की तिला दारावर टकटक करून आत यायला लावलं. मान खाली गेली, की चल बाहेर. शब्द गिळला, की चल बाहेर. पहिल्या दिवशी बिचारी आतपेक्षा बाहेरच जास्त होती. तुमच्यातला एखादा दोष सांगा, असं हल्ली विचारतात म्हणे. आमच्या वेळी विचारावं लागत नसे, सासू आपणहून सांगायची. मी उत्तर घोटून घेतलं: मला पसारा दिसला की झोप येत नाही. दोष तर दोष, आणि गोदामवाल्याच्या कानाला गोड. आठवड्याभरात ती अशी तयार झाली, की साहेबाच्या खुर्चीत मलाच घाम फुटायला लागला.

मुलाखतीला मीही गेले. (बोलावलं नव्हतं, पण जाऊ नका असंही कुणी लिहून पाठवलं नव्हतं.) बाहेरच्या बाकावर आणखी चार मुली. नात हात धुवायला गेली तेवढ्यात मी सहज विचारलं, तुमचे दोष काय गं? एक म्हणाली, मी फार प्रामाणिक आहे. दुसरी नखं खाता खाता रडायलाच लागली. अशा उत्तरांवर कोण ठेवील? मला काही राहवेना. चौघींना पाठ ताठ करायला लावली आणि तेच उत्तर घोटून घेतलं.

नातीचा नंबर शेवटचा. हिने ताठ मानेने दोष सांगितला, तर साहेबांनी पेनच खाली ठेवलं. म्हणाले, तुम्हा पाचही जणींना झोप येत नाही, मग इथे कशाला आलात, डॉक्टरकडे जा! पण पोरगी घाबरली नाही हो. सरळ म्हणाली, साहेब, तयारी करून घेणारी बाहेर बसली आहे. साहेबांनी दार उघडून मला पाहिलं. मी चष्मा सारखा केला.

जागा नखं खाणारीला मिळाली. ती पहिली आत गेली होती ना, तेव्हा उत्तर ताजं होतं. जाताना तिने मला मिठी मारली. नात घरी येईपर्यंत बसमध्ये लांबच्या सीटवर बसली. तरी मी म्हणते, तयारीत खोट नव्हती. पाचही माझ्या हातच्या. कुणीही लागली असती तरी पास मीच झाले असते.

तुझी,
थोरली

ता. क. येत्या सोमवारी तिला औषधांच्या गोदामात बोलावलंय. तिथे तुझा जावई मोठ्या हुद्द्यावर आहे हे आपलं योगायोगाने कळलं. वशिला मागत नाही. फक्त तो काय काय विचारतो, तेवढं जेवता जेवता काढून घे.

ता. क. (नातीकडून) मावशीआजी, काकांना काहीही विचारू नका. माझं मला जमेल. फक्त सोमवारी आजीला तुमच्याकडे ठेवून घ्या. पाठ धरली म्हणून फोन करा, म्हणजे ती येईल.

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी मी वाचलं. तिला कळू देऊ नकोस. रविवारीच येते. पण खोटं बोलताना तुला हसू फुटतं. पाठ कुठे धरली, कशाने धरली, उठता येतं की नाही, सगळी उत्तरं घोटून ठेव, आणि फोन करण्याआधी आरशासमोर दोनदा कण्हून बघ.