पाच देशांचे गोंदवाले

तीर्थस्वरूप आत्या,

तुझ्या दोन्ही पायांवर (दुखऱ्या गुडघ्याला धक्का न लावता) डोकं ठेवून नमस्कार. काकांचा खोकला आता कसा आहे? आम्ही खुशाल आहोत. माझी नोकरीही अजून आहे, आणि ती कशी राहिली तेच सांगायला बसलोय.

आमच्या कारखान्यात दोन द्रव मिसळून गोंद करतात, हे तुला ठाऊक आहेच. गेल्या वर्षापासून फिलिंग, म्हणजे गोंद भरण्याच्या, खात्यातल्या अकरा जणींच्या बोटांना फोड येत होते. त्यातल्या थोरल्या मावशींना तर वेणी घालायलाही सून लागते, आणि हे त्यांना फोडांपेक्षा जास्त झोंबतं. कारण काही सापडेना. शेवटी पाच देशांतल्या गोंद कंपन्यांनी मिळून संशोधन करायचं ठरवलं आणि बैठकीला मला धाडलं. (मला, कारण आमच्या मोठ्या केमिस्टबाईंना विमानाची भीती वाटते. अ‍ॅसिडची वाटत नाही.) निघताना साहेबांनी बजावलं, सगळं ऐकून ये, सांगू मात्र काही नकोस.

पंचाईत अशी, की बाकी चौघांच्या साहेबांनीही नेमकं हेच बजावलं होतं. सकाळभर आम्ही गोल टेबलाभोवती एकमेकांचं न बोलणं कान देऊन ऐकत होतो, आणि दुभाषे ती शांतता हेडफोनमधून पाच भाषांत पोचवत होते. कोपऱ्यात एक वकीलबाई घंटी घेऊन बसल्या होत्या. कंपन्यांनी आपसात भाव ठरवू नयेत म्हणून, कुणी किमतीचा विषय काढला की ती वाजवायची. (दिवसात एकदाच वाजली. इथे चहा कितीला मिळतो, असं मी विचारलं होतं.) दुपारपर्यंत खिडकी उघडावी एवढ्यावरच एकमत झालं, आणि ती खिडकी उघडणाऱ्यांतली नव्हती.

जेवणानंतर माझी पाळी आली. पडद्यावर कारखान्याचे फोटो (बागेसकट) दाखवायचे होते. घाईघाईत शेजारची फाइल उघडली, आणि भिंतभर अकरा जणींचे हात! फोड, तारखा, सगळं. बंद करायला एक बटण पुरे होतं, बोटही त्यावरच होतं. पण चौथा हात मावशींचा होता. माझ्याच्याने दाबवेना.

मग समोरचा लंबू उठला. (ही कंपनी आमची हाडवैरी. त्यांचा गोंद आमच्या आधी सुकतो.) त्याने बॅगेतलं पाकीट काढून फोटो टेबलावर पसरले. तसेच फोड, तीच बोटं. दुभाष्यामार्फत म्हणाला, "आम्हाला वाटलं, हे फक्त आमच्याकडेच होतंय."

त्यानंतर असा बांध फुटला की दुभाष्यांना पाणी प्यायला सवड मिळेना. लंबूकडे कळलं होतं, की कामानंतर हात ज्या द्रावणाने पुसतात त्याने कातडीचं तेलच निघून जातं. तिसऱ्या कंपनीने हातमोजे तपासले होते, तर पातळ मोज्यांतून गोंदातला एक घटक वीस मिनिटांत आत झिरपत होता, जाड मोज्यांतून नाही. आमच्याकडे कुणाला फोड कधी आले त्याच्या तारखा होत्या. तीन कपाटांत कुलूपबंद असलेली माहिती संध्याकाळपर्यंत एकमेकींत चपखल बसली. खात्रीला प्रयोग लागतील, म्हणून दोन वर्षं एकत्र संशोधन करायचं आणि निष्कर्ष सगळ्या जगाला खुले ठेवायचे, यावर पाचही सह्या झाल्या.

परतल्यावर साहेबांनी केबिनचं दार लावून घेतलं.

"चुकून उघडली, मान्य. पण बंद का नाही केलीस?"

"साहेब, त्यात मावशींचा हात होता."

त्यांनी वही पुढे ओढली, पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाले, "ते जाड मोजे मिळतात कुठे?"

आता फिलिंगला द्रावणाऐवजी साबण-पाणी आहे, मोजेही नवे. आठ आठवड्यांत नऊ जणी बऱ्या झाल्या. मावशींना वेळ लागेल, असं डॉक्टर म्हणाले. वेळ लागेल म्हणाले, आत्या. जमणार नाही असं नाही म्हणाले.

काकांना नमस्कार.

तुझा लाडका (असं मी धरून चालतो) भाचा

ता. क. १ : या संशोधनाला अध्यक्ष हवाय. कुठल्याच कंपनीचं मीठ न खाल्लेला, कारखान्यांची खडान्‌खडा माहिती असलेला आणि पाच साहेबांना एका दमात गप्प करणारा. तू तीस वर्षं कारखाना निरीक्षक होतीस. (गप्प करण्याबद्दल काका सांगतील.)

ता. क. २ : सावकाश विचार करून कळव. घाई मुळीच नाही.

ता. क. ३ : तुझा होकार मी परवाच कळवून टाकलाय. बैठक सोमवारी आहे. हे पत्र तुला मिळायला मंगळवार उजाडेल, तेव्हा रविवारी दारात गाडी उभी राहिली तर दचकू नकोस.