दीड इंच

आप्पा, महाळुंग्याच्या मालकांची दुनळी रायफल परवा माझ्या टेबलावर आली. इकडं उदयपुरात, मी काम करतो त्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानात. मालकांच्या पोरांनी ती विकली, घेणाऱ्यानं तपासायला पाठवली. मूळची किती, नंतर केलेलं किती, ते कागदावर लिहून द्यायचं. ते काम उस्तादांनी माझ्याकडं दिलं. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली, आणि तुमच्या हाताखालून गेलेली वस्तू मला इथं हजार किलोमीटरवर भेटावी, याला काय म्हणायचं?

मी आधी खांद्याला टेकणारा बट बघितला. मालकांचे हात लांब, म्हणून तुम्ही मागं शिसवाचा तुकडा जोडला होता. त्यावरूनच ओळखली. जोड नखाला लागत नाही, भिंगातून बघितला तेव्हा दिसला. मी तीन वर्षं असा जोड करायला बघतोय, माझा दिसतोच. मग घोड्यांची कुलपं उघडली. आत घड्याळासारखं काम. सगळ्या स्क्रूच्या खाचा नळीच्या रेषेत, एक सोडून. तो एक तुम्ही काढलेला, खाच चावल्यासारखी. इथपर्यंत मला हसू येत होतं.

मग टेप लावली. सोबत आलेल्या पेटीच्या झाकणाला आतून कंपनीची जुनी चिठ्ठी आहे, तिच्यावर नळी सव्वीस इंच. माझ्या टेपेत साडेचोवीस. तीनदा मोजली. दोन्ही नळ्यांच्या मधल्या पट्टीवर वेल कोरलीय, ती तोंडापाशी अर्ध्या पानावर तुटते. नेम धरायची पुढची माशी नक्षीवरच कथलाचा डाग देऊन बसवलीय.

आप्पा, दुनळीच्या नळ्या सरळ नसतात. पुढं जाता जाता जराशा एकमेकींकडं झुकतात आणि तोंडाशी मधे एक पाचर असते. कारागीर गोळी झाडतो, डाग तापवून पाचर हलवतो, परत झाडतो, दोन्ही गोळ्या एका जागी पडेपर्यंत. ती पाचर त्या दीड इंचात गेली. जागेवर तुम्ही शिसं भरलंय. जीपमधून पडून तोंड चेपलं होतं, मालकांनी नुसतं सरळ करायला सांगितलं होतं. तुम्ही आयुष्यभर शेतराखणीच्या ठासणीच्या बंदुका केल्या. ठासणीची नळी चेपली की कापायची, काही बिघडत नाही. तुम्हाला वाटलं, हिचंही तसंच.

तेव्हा मी आत्याकडं ओतूरला होतो. परत आलो तर तुम्ही हातात बारीक कानस दिलीत, म्हणालात, "काठ साफ कर, हळू." तोंडाचं लोखंड पांढरं लखलखीत होतं. मला वाटलं चेपलेलं ठोकून घासलं असेल. दुपारभर जीव लावून घासलं. पहिल्यांदाच मोठ्या कामाला हात लावू दिला होतात.

मालकांनी बांधावर पाव्हण्यांसमोर डबा ठेवून झाडली. उजवी लागली, डावी हातभर बाहेर. तसेच जुन्नरला आपल्या दुकानात आले. "काय रं मिस्त्री, आज्यापास्नं नीट व्हती ही. काय केलंस?" तुम्ही माझ्याकडं बघितलंत. मी अजून ते बघणं विसरलो नाही. तेव्हा तो राग वाटला होता, आता कळतंय की तुम्ही भ्याला होता. म्हणालात, "मालक, पोरानं काठ खाल्ला जास्ती. हात न्हाई त्येला, खुरपं हाय." आणि सगळ्यांदेखत कानाखाली दिलीत.

त्यानंतर पेठेत माझं नाव कानशा पडलं. "कानशा आला रं, नळ्या आत घ्या!" शाळेत पण तेच. आठवीतनं मी शाळा सोडली, पंधराव्या वर्षी गाव सोडलं, आणि एका जागी कुठं टिकलो नाही. हे सातवं दुकान. प्रत्येक ठिकाणी नळीच्या तोंडाला कानस लावायची वेळ आली की काम दुसऱ्याकडं सरकवतो, उस्ताद विचारतात, काय झालं? बारीक कानशीनं एका दुपारात दीड इंच पोलाद जात नाही, आप्पा. केसभर जातं. तुम्हाला ते माहीत होतं.

उस्तादांनी रायफल हातात घेतली, तोंड बघितलं. म्हणाले, "किस कसाई ने काटी है?" दुकानात सगळे हसले. मी पण हसलो. कागदावर लिहिलं, नळ्या कापलेल्या, पाचर नाही, कारागीर माहीत नाही. तुमची अब्रू राखायला नाही. तुमचं नाव घातलं असतं तर माझंच आडनाव आलं असतं.

काल आईला फोन केला. ठरवून केला होता, सगळं सांगायचं म्हणून. म्हटलं, "आये, मालकांची रायफल आलीय माझ्याकडं." ती मऊ आवाजात म्हणाली, "आजून तेच घिऊन बसलास व्हय रं? ल्हान व्हतास तू तवा. जायच्या आदी आप्पा मला म्हणलं व्हतं, पोराला सांग, म्या माफ केलंय त्येला. माजंच सांगायचं ऱ्हाऊन गेलं."

दीड इंचाची गोष्ट मी सांगितलीच नाही. म्हणालो, "बरं झालं सांगितलंस."

तुम्हाला लिहिलेला हा कागद कुठं जायचा नाही. पण एक कबूल करतो. टेपेवरचा आकडा डोळ्यांसमोर असताना, तुम्ही मला माफ केलंय हे ऐकून मला बरं वाटलं.