सोड कोण म्हणालं

९ जानेवारी १९८९, धुळे

निंबा जेलात गेला पाहिजे. दुसरं मागणं नाही माझं.

तारीख लागली — २ मार्च. फिर्याद माझी. तोवर क्रेनची गाडी मात्र तोच चालवणार! आग्रा रोडला दुसरा माणूस मिळाला नाही मला. धाकटे दीर गिरधरभाऊजी म्हणाले, "वहिनी, ज्याने दादाला मारलं, त्याचंच तोंड रोज बघणार?" म्हटलं, तारखेपर्यंत क्रेनवर, मग आत.

१० जानेवारी

आला. ओट्याखाली उभा राहिला. "वहिनी, देवनी आन! मना कानवर 'सोड' उनं, म्हणीसन दोर सोडा."

वर्षभर हेच पाठ. लळिंगच्या घाटात हे गेले त्या दिवशी जेवढे उभे होते, सगळे म्हणतात — सोड कुणीच म्हटलं नाही. मग काय भूत बोललं? दार लावून घेतलं. याच्याशी एक शब्द बोलणार नाही. कामावरसुद्धा नाही!

१४ जानेवारी

तीळगूळ घेऊन आला. गोड बोला म्हणे! वाटी ओट्यावर तशीच राहू दिली. मुंग्यांनी खाल्ला.

१९ जानेवारी

पहिलं काम. पारोळ्याच्या रस्त्याला कापसाचा ट्रक नाल्यात. मी सोबत गेले. बोलायचं तर नाही — मग हातानेच. क्रेनबरोबर आलेल्या हिंदी पुस्तकात हाताची चित्रं आहेत, अक्षर अक्षर लावून वाचलीत मी. तळवा वर — घे. तळवा खाली — सैल दे. मूठ — थांब. आधी क्रेनचे चारही पाय ओंडक्यांवर टेकवायला लावले, चाकांना दगड. निंबा माझ्या हाताकडे बघून दांडा ओढत होता. नजर वर नाही.

बघ्यांना तमाशा! "आते बाई क्रेन चालाडी का रे?" दुसरा म्हणतो, "निंबा, तुनी मालकीण मुकी शे का?"

"मुकी नही," निंबा म्हणाला, "मनावर रागायेल शे."

हसले सगळे. मी मूठ वर केली. दोर थांबला. हसूही थांबलं.

५ फेब्रुवारी

यांचा सदरा आज धुऊन पुन्हा पेटीत ठेवला. ग्रीसचा डाग जात नाही. जाऊही नये.

उचललेल्या वजनाखाली जायचं नाही — हे यांचंच वाक्य. आणि स्वतः गेले! अडकलेला तो ड्रायव्हर रडत होता म्हणून केबिनखाली अर्धे सरकले. दोर सुटला, केबिन यांच्यावर आली. तो वाचला. तेराव्याला कुबडी घेऊन आला, म्हणाला, "तुमच्या मालकांचा हात मी घट्ट धरलेला होता, बाई." तेवढंच बरं वाटतं. शेवटी कुणाचा तरी हात हातात होता.

पण दोर सोडणाऱ्याला माफी नाही.

१७ फेब्रुवारी

गिरधरभाऊजी वकिलाकडून आले. "निंबा प्यालेला होता, एवढं बोला. पक्कं होईल."

म्हटलं, माळकरी आहे तो, थेंब घेत नाही. खोटं बोलणार नाही. सोड कुणी म्हटलं नव्हतं, हे बोलेन. ते खरं आहे.

"तुम्हाला सूड घेता येत नाही, वहिनी."

येतो. बघाच.

२७ फेब्रुवारी

लळिंगचा घाट. तीच उतरण. वर्षात पहिल्यांदा तिथे पाय ठेवला.

सावद्याहून निघालेला केळीचा ट्रक कुशीवर पडलेला. मालक जीपमधून ओरडत होता — "केळी काळी पडतील, बाई! भरलाच उचला!" आधी माल उतरवा, म्हटलं. भरला ट्रक उचलायला गेलं तर माझी क्रेनच पालथी होईल. ड्रायव्हर केबिनमध्ये अडकलेला, पाय स्टिअरिंगखाली. शिव्या घातल्या मालकाने. मी हात बांधून उभी. शेवटी उतरवला.

निंबाने केबिन वीतभर उचलली. लगेच खाली ओंडके सरकवले. मी खाली गेले नाही, फुटक्या काचेशी बाजूला उभी राहिले. डावी मूठ वर — थांब. ड्रायव्हरने आतून माझा उजवा हात पकडला. बुडणारा धरतो तसा! म्हणे, "जाऊ नका, माय." पण मला बाजूला होऊन दोघांना पहार लावू द्यायची होती, आणि उजवा हात सुटेना.

मी ओरडले — "सोड रे बाबा, सोड!"

तोच शब्द. माझ्या तोंडून.

मागे बघितलं. निंबा पांढराफटक. त्याने ऐकलं होतं. हात दांड्यावर होता. पण डोळे माझ्या डाव्या मुठीवर. दोर जागचा हलला नाही.

ड्रायव्हर निघाला. पाय मोडलाय, जगेल.

यांचाही हात त्या वेळच्या ड्रायव्हरने असाच घट्ट धरला होता. यांनाही हात सोडवायचा असेल. कुणाला तरी ओंडका आणायला सांगायचं असेल.

२८ फेब्रुवारी

काही सुचत नाही. उजव्या मनगटावर कालच्या ड्रायव्हरच्या बोटांचे वळ आहेत. दिवसभर तेच बघत बसले.

२ मार्च

कोर्ट. वकिलाने विचारलं, "सोड असं कुणीच म्हटलं नव्हतं, बरोबर?"

म्हटलं होतं, मी म्हणाले. आमच्या यांनी.

"तुम्ही होता तिथे?"

नव्हते. पण तीन दिवसांपूर्वी त्याच जागी मीही 'सोड' म्हणाले, हात धरून बसलेल्या ड्रायव्हरला.

गिरधरभाऊजी उठून गेले. बाहेर निंबा भिंतीशी उभा होता. "घरी चल," म्हटलं त्याला. तोंडाने.