कड्यावरच्या पांढऱ्या पट्ट्या

प्रिय रझिया,

आठवीत असताना शाळा सुटली की आपण दोघी गोदावरीच्या घाटावर पायमोजे वाळत घालून बसायचो, आठवतं तुला? पाण्यात उतरायची हौस तुझी आणि ओले पायमोजे बघून कॉन्व्हेंटच्या सिस्टर काय म्हणतील ही धास्ती माझी. तू आपली मजेत मांडीवर नदीतले गोटे मांडून बसलेली. तुझी अम्मी मला म्हणायची, "शैला, तू तो समझा इसको. ये छोरी एक दिन घर में पहाड लाके डालेगी." आणि तू तोंडात पेरूची फोड धरून म्हणालीस, "लाती नै अम्मी, मैंच उधर जाके रहती."

गेलीसच की!

आज ते आठवायचं कारण चांगलं नाही. तू जाऊन तीन वर्षं झाली आणि मी तुला एक ओळ लिहिली नाही. आज लिहिते आहे, कारण ही गोष्ट दुसऱ्या कुणाच्याही आधी तुला सांगायला हवी. तुझा डोंगर सरकतो आहे. आणि तो सरकत नाही, असं कागदावर लिहून खाली सही करणारी बाई मी आहे.

भूकंपानंतरचे ते महिने माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. तू भूगर्भशास्त्राची प्राध्यापक, मी इंग्रजीची. तुझ्या मागून बादली घेऊन फिरण्यापलीकडे माझा काय उपयोग होता? लातूरकडच्या त्या गावांत ज्या भिंती उभ्या राहिल्या होत्या त्यांच्या तड्यांवर तू प्लास्टरची दोन बोटं रुंद पट्टी आडवी लिंपायचीस आणि ओली असतानाच खिळ्यानं तिच्यावर तारीख कोरायचीस. भिंत केसभर हलली तरी पट्टी मोडते, एवढं साधं ते काम. एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "बाई, ह्या पट्टीनं भिंत थांबती का?" तू म्हणालीस, "नाही बाबा. भिंत निघाली की ही आधी ओरडते, एवढंच."

त्याच गावात कुणीतरी उगाच "हाललं, हाललं" म्हणून ओरडलं आणि सगळा बाजार पळत सुटला. एक बाई लेकराला तिथंच टाकून पळाली होती. नंतर त्याला छातीशी धरून ती ज्या आवाजात रडली, तो तू विसरली नाहीस. परतीच्या एस.टी.त मला म्हणालीस, "आता या लोकांना मी कधी भीती घालणार नाही. काम सांगेन, भीती सांगणार नाही." मला तेव्हा ते फार थोर वाटलं होतं गं. आज नाही वाटत.

मग तुझा घोडकडा आला. मुखेडच्या बाजूला, फाट्यावर उतरून पाऊण तास चालायचं. बोडका डोंगर, खाली ओढा, ओढ्यापलीकडे वाडी. तू तिथं काय काय केलंस! चराई बंद करून घेतलीस, गवत वाढू दिलंस, पाऊलवाटा आखल्यास. बायकांचा गट उभा केलास आणि ओढ्यापलीकडे, वाडीला लागून, पाहुण्यांसाठी चार झोपड्या बांधल्यास. पिठलं-भाकरी, सकाळची डोंगरफेरी, प्लास्टिकची पिशवी दिसली की पाहुण्यालाच परत खाली पाठवायचं! "डोंगर विकायचा नाही, दाखवायचा," हे तुझं वाक्य गटाच्या पोरीसोरींनाही पाठ होतं. लांबलांबचे तज्ज्ञ तुला सल्ला विचारायला यायचे आणि वाडीत तुझं नाव होतं दगडवाली बाई. त्या नावावर तू किती खूश होतीस.

कड्याच्या वरच्या काठाला समांतर एक भेग होती. पाटीवरची पेन्सिल जेमतेम आत जाईल, एवढी. तिच्यावर तू भूकंपातल्यासारख्याच पट्ट्या बसवल्यास आणि बायकांना नियम घालून दिलास: दर बाजाराच्या दिवशी एकीनं वर जाऊन पट्ट्या बघायच्या. मोडलेली दिसली तर तिला हात लावायचा नाही, तुला कळवायचं. का हात लावायचा नाही, ते नाही सांगितलंस. भीती नको म्हणून. हो ना?

आता ऐक, तू गेल्यावर काय झालं.

तुझ्या पहिल्या वर्षाला गटाच्या गयाबाईचा मला निरोप आला, "बाईंच्या पुण्यतिथीला प्लास्टरची गोणी लागती, लातूरहून पाठवा." मला हसूही आलं आणि रडूही. मुसलमानाच्या लेकीची पुण्यतिथी! तू असतीस तर खो खो हसली असतीस. वाटलं, चौथरा-बिवथरा बांधणार असतील. मी एक शब्द विचारला नाही. त्या वर्षी पाठवली, पुढच्या वर्षी पाठवली, यंदाही पाठवली.

मधल्या काळात लातूर बदललं. माझ्या गल्लीतच आता सहा वसतिगृहं आहेत. रिक्षावाल्याला पत्ता सांगायचा तर कुठल्या क्लासच्या मागं, असं सांगावं लागतं. त्या इमारतींना खडी लागते, आणि घोडकड्याच्या मागच्या उतारावर खडीचं यंत्र बसलं आहे. दुपारी सुरुंग उडाला की वाडीत भांडी किणकिणतात. मीही वरचा मजला मुलींना राहायला देण्यासाठी बांधला. ती खडी कुठून आली, हेही मी विचारलं नाही. काही न विचारण्यात मी किती तरबेज झाले आहे बघ!

त्या क्लासची मुलं रविवारी सहलीला येऊ लागली. पाहुण्यांना कड्याखालची सावली हवी, म्हणून गटानं ओढा ओलांडून ऐन कड्याच्या पायथ्याशी आठ झोपड्या बांधायचं ठरवलं. तालुक्याच्या कचेरीनं विचारलं, वरच्या भेगेचं काय? तू काढलेल्या डोंगर समितीची सचिव तुझ्यामागं मी. वर जाऊन बघितलं. सगळ्या पट्ट्या धड, पांढऱ्याशुभ्र, एकीलाही केसाएवढा तडा नाही. मी खाली येऊन आपल्या कॉन्व्हेंटच्या वळणदार इंग्रजीत चार ओळी लिहिल्या: सर्व पट्ट्या अखंड आहेत, कडा शांत आहे. एकही खाडाखोड नाही. सिस्टरनी पैकीच्या पैकी गुण दिले असते.

त्या पत्रावर झोपड्या उभ्या राहिल्या. गेल्या मंगळवारी तिथं गेले होते. झोपड्यांशेजारच्या जेवणाच्या छपरीत तुझा फोटो आहे आणि त्याच्या शेजारी चौकटीत माझं ते पत्र. मी गयाबाईबरोबर बसले होते, तेवढ्यात पत्र्यावर खडे पडले. टण, टण. मग थोडं थांबून पुन्हा.

"हे काय गं?"

"वानरं हाईत. लई माजलीत."

मी बाहेर येऊन वर बघितलं. रझिया, कड्यावर एकही वानर नव्हतं.

तरी मला काही सुचलं नाही. मी आपलं कौतुकानं म्हणाले, "एवढी यंत्रं धडधडतात, पण बाईंच्या पट्ट्या मात्र टिकल्या हं."

गयाबाईचा चेहरा फुलला. "टिकतील न्हाई तर काय! आमी कशाला हावोत? दर पुण्यतिथीला सगळ्याजणी वर जाताव. मोडलेली खरडून काढायची, नवी बसवायची. तारीख बी बाईंचीच, जशीच्या तशी. माझी सून कोरती. लई सुबक हात हाय तिचा."

मी हातातली बशी खाली ठेवली. "गयाबाई, मोडलेल्या किती होत्या?"

"पहिल्या साली दोन-तीन."

"आणि यंदा?"

"औंदा..." ती आठवू लागली. "औंदा बहुतेक समद्याच. तुमी धाडलेली गोणी पुरली न्हाई बघा."

"पण त्यांना हात लावायचा नाही, असं रझियानं सांगितलं होतं ना?"

"बाई जित्या होत्या तवर न्हाईच लावला की. त्या येऊन बगायच्या. आता कोन बगनार? मोडकं तसंच ठेवायचं का त्यांच्या माघारी?"

त्यांनी तुझ्यावर माया केली. तीन वर्षं तुझा डोंगर ओरडत होता आणि या बायका मायेनं त्याचं तोंड लिंपत होत्या. प्लास्टर मी पुरवत होते.

मी तशीच वर गेले. गुडघे काय म्हणतात ते ऐकलंच नाही. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत भेगेवर पाला साचला होता. तो बाजूला केला आणि हात घातला. मनगटापर्यंत गेला, रझिया. बांगडी काठावर वाजली आणि आतून थंड वारा बोटांना लागला. भेग दुसऱ्या बाजूला कुठंतरी उघडी आहे, असाच त्याचा अर्थ ना? तू असतीस तर सांगितलं असतंस. खाली डोकावले तर बरोबर नाकाखाली आठ झोपड्यांचे पत्रे. दोरीवर कुणाची तरी दुपटी वाळत होती. गयाबाईची सून बाळंतीण आहे. ओल्या घरात नको म्हणून तिला लेकरासकट पहिल्या झोपडीत ठेवलंय.

मी खाली येऊन सांगितलं, झोपड्या रिकाम्या करा, आजच. तेव्हा पहिल्यांदा गयाबाईचा आवाज चढला. "चार म्हैन्यामागं डोंगर शांत होता. तुमीच लिवलं. आता तुमीच म्हनून राहिले, पडतो. एक काय ते ठरवा की बाई! आमच्या पोटावर का कागूद बदलता?" मग हळूच टोमणा, "दगडवाली बाई असत्या तर असं बोलल्या नसत्या."

ती खरं तेच बोलत होती. तू नसतीस बोललीस. इथंच माझा तुझ्यावर राग आहे, आणि तो आज बोलून टाकते. तू त्या बायकांना सगळं शिकवलंस. गवत कसं राखावं, पाहुण्याला नाही कसं म्हणावं. मग ही एक गोष्ट का नाही विश्वासानं सांगितलीस? भीती घालणं वेगळं आणि धोका सांगणं वेगळं, एवढं तुला कळत नव्हतं? बाजार पळाला तो खोट्या आरोळीनं. खरं कारण कळलं असतं, तर या बायकांनी मोडक्या पट्ट्या प्राणापलीकडे जपल्या असत्या. पण तुला काय बोलू? मला तर कारणही माहीत होतं आणि नियमही. मी फक्त गोणी पाठवली.

कचेरीत फोन केला. साहेब म्हणाले, "मॅडम, सगळं अखंड आहे हा तुमचाच अहवाल आहे ना? नवा द्या, बघू, पाहणीला माणूस पाठवू." कधी, ते सांगेनात. येत्या रविवारी एका क्लासची बस यायची आहे. त्यांच्या सरांना फोन केला. हसले. "अहो मॅडम, परीक्षेआधी पोरांना एक दिवस मोकळी हवा. आणि तुमचं पत्र तिथं भिंतीवर लावलंय की, मी स्वतः वाचलंय." मी तेच पत्र चुकीचं आहे म्हणून सांगतेय, तर म्हणतात, लेखी आणा.

काल वाडीतून फोन आला. ओढ्याचं पाणी दोन दिवस गढूळ येतंय म्हणे. पाऊस तर नाही. शेळ्या कड्याखाली बसेनात. मी गयाबाईला हे सांगितलं तर म्हणाली, "शेळ्यांना काय कळतं."

म्हणून मी उद्या पहिल्या एस.टी.नं निघते आहे. तुला शब्द देते, रझिया: भिंतीवरचं ते पत्र मी माझ्या हातानं काढीन आणि माझं चुकलं हे सगळ्या वाडीसमोर, त्यांच्या भाषेत सांगीन. भेग म्हणजे काय, पट्टी कशासाठी, सगळं. भीती वाटली तर वाटू दे. गयाबाईला हाताला धरून वर नेईन आणि तिचा हात त्या फटीत घालायला लावीन. बाळंतिणीला आधी हलवीन, मग बाकीचं. ऐकलं नाही, तर त्या पहिल्या झोपडीच्या दारात बसून राहीन. म्हातारीला उचलून फेकणार तर नाहीत. आणि रविवारी फाट्यावर बससमोर मी उभी असेन.

हे पत्र टेबलावर उघडंच ठेवून जाते. माझी सून नेहा वाचेल, म्हणून पुढचं तिच्यासाठी.

नेहा, कपाटातल्या रझियाच्या वह्या आणि डोंगराचे नकाशे कचेरीतल्या साहेबांना द्यायचे, पोच घेऊन. त्यासोबत माझा नवा अहवाल आहे, मराठीत लिहिलेला. त्याची एक प्रत क्लासच्या सरांना, हे वाचशील त्याच दिवशी, पोचवायची. रझियाची दुर्बीण तिच्या भाचीला. माझ्या इंग्रजीच्या पुस्तकांपैकी वरच्या मजल्यावरच्या मुलींना हवी ती घेऊ द्यावीत. आणि स्वयंपाकघरात लिंबाच्या लोणच्याची भरलेली बरणी आहे, ती गयाबाईला. ती माझ्यावर चिडलेली असेल, हातात घेणार नाही. तरी दारात ठेवून यायची. दार मात्र तिच्या वाडीतल्या घराचं, ओढ्यापलीकडचं. ते बंद असलं, तरी कड्याखाली जायचं नाही, उघडेपर्यंत तिथंच थांबायचं.

तुझी,
शैला