उशिराचे कारण

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. भावोजींचा खोकला थांबला हे वाचून बरं वाटलं. इकडे कारखान्याचं फाटक दोन महिने झाले तरी बंदच आहे. बसून कसं चालेल, म्हणून ह्यांनी इमारतींवरच्या पाण्याच्या टाक्या रंगवायचं रोजंदारीचं काम धरलंय. पाच-सहा मजले वर, कमरेला एक दोर बांधून. मी एकदा डबा द्यायला गेले आणि खालूनच हाका मारत सुटले, की आधी उतरा. घरी आल्यावर मला म्हणतात, वरून तुझं डोकं लिंबाएवढं दिसतं. ह्यांना कसल्याही वेळी चेष्टा सुचते.

आता कामाचं. ह्यांच्या विम्याचा हप्ता जानेवारीत भरायचा होता, तो राहिला. नेहमीची जादा मुदतही १५ फेब्रुवारीला संपते. पण कंपनीचं पत्र आलंय, की ज्यांचं काम बंद पडलंय त्यांनी १५ तारखेच्या आत अर्ज दिला तर आणखी तीन महिने मिळतील आणि तोवर विमा चालू राहील. अर्ज नाही दिला तर विमा बंद. त्यांची कचेरी तुझ्याच रस्त्यावर आहे, आणि आम्ही यायचं म्हणजे ह्यांचा रोज बुडतो. सोबत अर्ज आणि कारखान्याचा दाखला पाठवतेय. एवढं खिडकीवर देऊन पोच घे. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?

भावोजींना नमस्कार. माया आहे तशी राहू दे.

तुझी,
चिमणी


७ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

पाकीट मिळालं. अर्ज देईन. पण मनात आलं ते लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही.

तुझे भावोजी पाठीच्या दुखण्याने चार महिने अंथरुणाला खिळले होते, तेव्हा आम्हालाही हप्ता होताच. कुणी पत्र पाठवलं नाही, की बाई, सावकाश भरा. मी माझ्या शिवणकामाचं इंटरलॉकचं मशीन विकलं आणि तारखेच्या आदल्या दिवशी खिडकीवर जाऊन उभी राहिले. सोळा वर्षांत एक हप्ता चुकला नाही. खिडकीतल्या माणसाने कधी मान वर करून बघितलंही नाही. आणि तुम्हाला मात्र छापील पत्र, ‘आपल्या अडचणीची आम्हाला जाणीव आहे’! वाचून माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू?

तुझं लहानपणापासून हेच. माझा गृहपाठ एक दिवस राहिला तर बाबा मला खेळायला सोडत नसत. तुझ्या वह्या वर्षभर कोऱ्या, तर बाबा स्वतः बाईंना जाऊन सांगायचे, पोर अशक्त आहे, जरा सांभाळून घ्या. अशक्त! माझं ताट संपवून वर स्वतःचं खाणारी. तुला आयुष्यभर मुदतवाढ मिळत आली आहे. थोरलीने मात्र जन्मतःच शहाणं असायचं.

जाऊ दे. चढण्याआधी दोर दोनदा ओढून बघायला सांग. तुझ्या पोरीला गोड पापा.

आशीर्वाद आहेत, चिडून दिले तरी ते लागतात.

ताई


१७ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. ताटाच्या गोष्टीला इतके हसले, की शेजारच्या काकू डोकावून गेल्या. म्हणाले, तुझी बहीण खरं तेच बोलते. झालं का समाधान?

पोच अजून आली नाही. तू काही टाळणारी नाहीस, पण कागद हातात असला की जीव शांत असतो. त्यातून ह्यांना आता दहा मजली इमारतीचं काम मिळालंय. रोज जवळजवळ दुप्पट. मी नकोच म्हणत होते. हे म्हणाले, विमा चालू आहे, ताईंनी अर्ज दिलाय, मग कशाला घाबरतेस? तेव्हा मी हो म्हटलं. कालपासून जातायत.

पोच तेवढी पाठव. लोभ आहेच, वाढला तर आनंद.

तुझी,
चिमणी


२० फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

काम झालं. पोच कापडाच्या ढिगात कुठेतरी आहे, मिळाली की पाठवते. शाळेच्या गणवेशांची घाई आहे, म्हणून एवढंच.

ताई


२६ फेब्रुवारी

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

हे पत्र तू आधी एकटी वाच. वीस तारखेला मी तुला खोटं लिहिलं. अर्ज दिलाच नव्हता.

बारा तारखेला मी गेले होते. रांगेत उभी असताना कुठून बुद्धी झाली कोण जाणे, तुझं पाकीट पिशवीतच ठेवून मी खिडकीवर माझ्यासाठी मुदत मागितली. त्या माणसाने माझं खातं बघितलं आणि हसला. म्हणाला, बाई, तुमचा हप्ता तर भरलेला आहे, आता मुदत कशाची देऊ? मागचे लोकही हसले. मी तणतणत घरी आले आणि तुझं पाकीट मशीनच्या खणात टाकलं. तेरा गेली, चौदा गेली. पंधराला कचेरी बंद होईपर्यंत मी त्याच मशीनसमोर बसून गणवेशांना काजं करत होते. विसरले असं लिहिणार होते. पण विसरले नव्हते. एकदा तरी तुझं अडू दे, असं मला वाटत होतं.

मग तुझं दहा मजल्यांचं पत्र आलं. तरी आधी हातून ती थाप गेली. ती टाकून आले आणि अन्न गोड लागेना. दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरीत गेले. मुदत संपल्यावर आलेल्या अर्जांसाठी एक वेगळा कागद असतो, त्यात रकाना आहे, ‘उशिराचे कारण’. मी लिहिलं, ‘अर्जदाराच्या मेहुणीने हेव्यापोटी अर्ज दिला नाही.’ साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. म्हणाले, लोक आजारपण लिहितात, लग्न लिहितात, हे कारण पहिल्यांदाच आलं. दोघांच्या समोर माझी सही घेतली.

चोवीसला मंजुरी आली. ती सोबत आहे, मेपर्यंत विमा चालू. पण साहेबांनी बजावून सांगितलं, की पंधरा ते चोवीस या दिवसांत काही झालं असतं तर कंपनीने एक पैसा दिला नसता.

मला तोंड दाखवायला जागा नाही. रविवारी येऊ का? राग गेला असेल तर कळव.

ताई


४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मंजुरीचा कागद मिळाला. तुझं पत्र मी ह्यांना दाखवलेलं नाही.

एकवीसला टाकीच्या शिडीची पायरी तुटली. हे आतल्या बाजूला, गच्चीवर पडले. मनगट मुरगळलं, बाकी काही नाही. तुला काळजी नको म्हणून कळवलं नव्हतं. पण निरोप घेऊन माणूस दारात आला, आणि तो पुढे काही बोलायच्या आत माझ्या मनात आलं, विमा आहे. ह्यांचं काय झालं हे कळायच्याही आधी. त्याची मला इतकी लाज वाटली, की दोन दिवस मी ह्यांच्याकडे नीट बघितलं नाही. आता कळतंय, की त्या दिवशी विमाही नव्हता.

बाबा मला सांभाळून घ्यायचे, हे खरं. पण घराची किल्ली त्यांनी कधी माझ्या हातात दिली नाही, ती तुझ्याकडेच असायची. मी किती जळायचे, तुला माहीत नाही. अर्ज तुझ्याकडे पाठवला तो कचेरी जवळ आहे म्हणून नाही. तू सांगितलेलं काम करतेसच, म्हणून.

राग गेला का, विचारलंस. नाही गेला. या रविवारी येऊ नकोस. पुढच्या महिन्यात ये. तेव्हाही गेला नसेल, तर त्याच्या पुढच्या महिन्यात ये.

पण ये.

तुझी,
चिमणी